आप्त कोण? व्हायरल जाहिरातींविषयी

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातल्या चार प्रमाणांपाशी थांबलो होतो: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. त्यानंतर काही श्रोत्यांनी विचारलं की सर, हे सगळं ठीक, पण आजच्या जगण्यात शब्दप्रमाणाचं काम पडतं कुठे? आज त्याचंच उत्तर द्यायचं ठरवलं आहे, आणि उदाहरण घेतलं आहे जाहिरातीचं. त्यातही ज्यांना 'व्हायरल' म्हणतात, ग्राहकाला 'सामील करून घेतात' म्हणून ज्यांना बक्षिसं मिळतात, त्या मोहिमांचं. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला, या माणसाला साबण आणि चॉकलेट कशाला हवं, असं कुणाला वाटेल. पण दिवसभरात आपल्या कानावर पडणाऱ्या शब्दांत जाहिरातीचा वाटा केवढा असतो ते बघा.

थोडी उजळणी करू. नैयायिक म्हणतात, शब्द हे प्रमाण आहे. मात्र तो आप्ताचा असला पाहिजे. आता आप्त कोण? वात्स्यायनाने भाष्यात ज्या अटी घातल्या त्यांचा मथितार्थ असा: ती गोष्ट त्याला स्वतःला नीट कळलेली असावी, आणि जशी कळली तशीच दुसऱ्याला सांगावी अशी त्याची इच्छा असावी. झालं. ऋषी असो, आर्य असो, म्लेच्छ असो, हे लक्षण सगळ्यांना सारखंच लागू, असंही तो म्हणतो. इतक्या जुन्या ग्रंथात ही उदारता आहे, हे जाता जाता लक्षात ठेवण्यासारखं.

मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक. आप्तेष्ट, आप्तस्वकीय. संस्कृतातही हा दुसरा अर्थ होताच, आपण तो उचलून धरला. लग्नपत्रिकेतले 'आप्तेष्ट' वाचताना डोळ्यांपुढे विश्वासार्ह साक्षीदार येत नाहीत, मावशी आणि काका येतात. माणूस आपला असला की त्याला जाणकारही समजायचं, ही आपली सगळ्यांचीच सवय. व्हायरल जाहिरात नेमकी या फटीतून आत येते, असं आमचं म्हणणं आहे.

जुन्या जाहिरातीत ही अडचण नव्हती. अमूलची ती ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी 1966 पासून होर्डिंगवर कोट्या करते आहे. कोटी आवडली तर आपण हसतो, नाही तर बस पुढे जाते. बोलणारा लोणी विकणारा आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि विकणारा आपल्या मालाला वाईट म्हणत नसतो हेही माहीत असतं. त्या हिशेबाने आपण ऐकतो. तिथे आपल्याकडून कुणी काही करून घेत नाही.

बदल कुठे झाला ते पाहण्यासाठी 1996 मध्ये जावं लागेल. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी अमेरिकेत हॉटमेल ही फुकट ईमेलची सेवा सुरू केली. तिथून कुणीही पत्र पाठवलं की पत्राच्या तळाशी एक ओळ आपोआप चिकटायची: तुम्हालाही असं खातं फुकट मिळेल, या मतलबाची. मोठ्या जाहिराती नाहीत, फलक नाहीत. प्रत्येक पत्रलेखक हाच विक्रेता. जुलै 1996 मध्ये निघालेली कंपनी डिसेंबर 1997 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली, यावरून काय ते समजा. 'व्हायरल मार्केटिंग' हा शब्द रूढ झाला तो बराचसा याच उदाहरणामुळे. विषाणूची उपमा ज्यांनी दिली त्यांनी ती कौतुकाने दिली होती. आज कोविड पाहून झाल्यावर ती ऐकताना कसंसंच होतं.

पण न्यायाच्या कसोटीवर हॉटमेल फारसं वाईट ठरत नाही, हे कबूल केलं पाहिजे. पत्र लिहिणारा ती सेवा स्वतः वापरत होता. पत्र पोचलं हाच ती चालते याचा पुरावा. म्हणजे जाणकारीची अट पुरी झाली. उरली इच्छेची अट. ती ओळ त्याने लिहिली नव्हती, त्याच्या सहीखाली दुसऱ्याने लिहिली होती. गोम आहे ती इथे. एवढीशीच आहे, पण पुढे ती वाढली.

जानेवारी 2009. बर्गर किंगने अमेरिकेत फेसबुकवर एक खेळ काढला, नाव 'व्हॉपर सॅक्रिफाइस'. तुमच्या यादीतल्या दहा मित्रांना काढून टाका, एका बर्गरचं कूपन घ्या. एरवी फेसबुकवर कुणी आपल्याला काढलं तर ते कळत नाही. इथे मात्र काढलेल्याला निरोप जायचा की एका बर्गरपायी तुझा बळी दिला. 2 लाख 33 हजारांहून अधिक 'मित्र' असे बळी गेले. मग फेसबुकने तो निरोप जाणं बंद केलं, आणि बर्गरवाल्यांनी खेळच गुंडाळला.

ही मोहीम आम्हाला, खरं सांगायचं तर, आवडते. तिच्यात डायोजेनीसचा वात्रटपणा आहे. 'मित्र' हा शब्द तुम्ही इतका स्वस्त केलात ना, मग घ्या त्याची किंमत: एका बर्गरचा दहावा हिस्सा. वर्गात आम्ही ॲरिस्टॉटलच्या मैत्रीच्या तीन प्रकारांवर जितका वेळ घालवला, तेवढ्यात हे लोक तो प्रयोग करून मोकळे झाले. तरीही दुसऱ्या बाजूने बघा. ज्याला बर्गर मिळाला त्याने हौसेने भाग घेतला. ज्याचा बळी गेला त्याला कुणी विचारलं? मोहिमेचं इंधन तोच होता. कांट वाचलेल्यांना पुढचं सांगायला नको.

आता आपल्याकडे येऊ. 2013 च्या अलाहाबादच्या कुंभात लाइफबॉयने ढाब्यांवरच्या रोट्यांवर गरम शिक्का उमटवला: हात साबणाने धुतलेत का, असं विचारणारा. शाई नाही, फक्त भाजल्याचा डाग. असल्या सुमारे 25 लाख रोट्या वाढल्या गेल्या. रोटीवर कंपनीचा शिक्का बघून पोटात थोडं ढवळतं, आपण अन्नाला नमस्कार करणारी माणसं. पण मोहिमेत खोट नाही. प्रश्न योग्य वेळी, योग्य हाताला विचारला गेला, विचारणारा साबणवाला आहे हे शिक्क्यावरच होतं, आणि यात्रेकरूला कुणाचा दूत व्हावं लागलं नाही. बिहार-झारखंडातलं हिंदुस्थान युनिलिव्हरचं 'कान खजूरा टेसन' तसंच: मिस कॉल द्या, फोन उलटा येईल, फुकट गाणी ऐका, मधे जाहिराती ऐका. उघडा सौदा. त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

कॅडबरीचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. 2021 च्या दिवाळीत त्यांनी शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज यंत्राच्या मदतीने असा तयार केला की कुठल्याही गल्लीतला दुकानदार आपल्या दुकानाचं नाव घालून स्वतःची जाहिरात बनवू शकेल. लॉकडाउनने किराणावाले, चपलांचे दुकानदार कसे मोडून पडले होते ते आपण पाहिलं आहे. त्यांच्यासाठी शाहरुख उभा राहिला, हे चांगलंच झालं, आणि कान महोत्सवातलं मोठं बक्षीस त्या मोहिमेला मिळालं त्यात नवल नाही. पण साक्ष म्हणून तिचं काय? बोलणाऱ्या तोंडाला ते दुकान जगात आहे याचाही पत्ता नाही. पहिलीच अट गेली. तुम्ही म्हणाल, सर, हे सगळ्यांना माहीत होतं, ती गंमत होती. मान्य. फक्त एवढं पाहा की ती चित्रफीत गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर पाठवणारा दुकानदार हाच तिथला खरा आप्त. वीस वर्षं त्याच्याकडून साखर घेणाऱ्या बाईंचा भरवसा त्याच्यावर आहे, शाहरुखवर नाही. आणि त्या भरवशावर स्वार होऊन चॉकलेटचं नाव घरात गेलं. दुकानदाराला नफा झाला असेल. पण भाडं कुणी कुणाला द्यायला हवं होतं, हा प्रश्न कुणी काढला नाही.

याच्या उलट एक उदाहरण देतो, म्हणजे आम्ही सामील होण्याच्याच विरुद्ध आहोत असं वाटायला नको. 2014 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतून जगभर पसरलेली बर्फाच्या बादलीची टूम आठवत असेल. डोक्यावर बर्फाचं पाणी ओतायचं, नाहीतर एएलएस या आजारासाठी देणगी द्यायची, आणि पुढच्या तिघांची नावं घ्यायची. थिल्लर म्हणून तिची टिंगल झाली, तेव्हा आम्हीही हसलो असू. पण तिच्यातून तिथल्या एएलएस असोसिएशनला साडेअकरा कोटी डॉलर मिळाले, आणि त्या पैशाच्या आधाराने झालेल्या संशोधनात 2016 मध्ये या आजाराशी संबंधित एक जनुक हाती लागलं. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं असं की प्रत्येकजण एवढंच म्हणत होता: मी हे केलं, आता तू कर. म्हणजे जे स्वतः केलं तेवढंच सांगत होता. वात्स्यायनाने हरकत घेतली नसती.

आता शेवटचं उदाहरण, ज्यासाठी खरं तर हे सगळं मांडलं. 2 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईतल्या एका अभिनेत्रीच्या स्वतःच्याच इन्स्टाग्राम खात्यावरून जाहीर झालं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय अवघं बत्तीस. दिवसभर बातम्या चालल्या, लोकांनी श्रद्धांजल्या लिहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः कॅमेऱ्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, मी जिवंत आहे, हे जागृतीसाठी केलं. आदल्याच दिवशी, 1 तारखेच्या अर्थसंकल्पात 9 ते 14 वर्षांच्या मुलींना या कर्करोगाची लस देण्याला उत्तेजन देण्याची घोषणा झाली होती, त्यामुळे वेळ अचूक साधली गेली असं समर्थन करणारेही निघाले. आजाराचं नाव घरोघरी पोचलं हे खरं आहे. ते आम्ही नाकारत नाही.

पण काय वापरलं गेलं ते बघा. मरणाची बातमी ही आपल्या समाजात आप्तवाक्याची सगळ्यात शुद्ध जागा आहे. 'अमुक गेले' असा निरोप आला की आपण पुरावा मागत नाही. चप्पल पायात घालतो आणि निघतो. ज्याने निरोप दिला त्याने खात्री केली असणार असं धरून चालतो, आणि तोही याच समजुतीने जपून बोलतो. त्या दिवशी हजारो साध्या माणसांनी ती बातमी आपापल्या ग्रुपवर टाकली. त्यांच्या मनात खोट नव्हती. इच्छेची अट त्यांनी पाळली. जाणकारीची अट त्यांच्याकडून मोडून घेण्यात आली, त्यांच्या नकळत. आणि ज्या घरात त्या आजाराने खरोखर कुणी गेलं आहे, तिथे ती बातमी कशी वाचली गेली असेल?

प्रश्न येईल की सर, मग जागृती करायची कशी? लस कुठे मिळते, कोणत्या वयात द्यायची, तपासणी कुठे होते, हे सांगू शकणाऱ्या डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका गावोगावी आहेत. त्यांना ते माहीत आहे, आणि माहीत आहे तसं सांगायची त्यांची तयारी आहे. त्यांचं बोलणं व्हायरल होत नाही, ही त्यांची उणीव आहे असं आम्ही तरी मानत नाही.

त्या मोहिमेच्या एजन्सीने पुढे जाहीर माफी मागितली. पण ज्या गृहस्थांनी सकाळी ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिली होती, त्यांना दुसऱ्या दिवशी 'क्षमस्व, बातमी खोटी होती' हे स्वतःच्या नावाने, आपल्याच माणसांपुढे लिहावं लागलं.

वेळ झाली आहे. आता प्रश्न घेऊ.