परत येण्याचं प्रकरण: धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’

मराठीत प्रवासवर्णनं पुष्कळ आहेत. पण त्यातली बहुतेक ठरावीक मुदतीच्या दौऱ्यांची आहेत. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ घ्या नाहीतर पुलंचं ‘अपूर्वाई’ घ्या, लेखक परत येणार हे पहिल्या पानापासून आपल्याला ठाऊक असतं. परतीचं तिकीट खिशातच असतं म्हणा ना! पण एखादा माणूस एकटा निघाला, वर्षानुवर्षं फिरकलाच नाही आणि मग एक दिवस दारात येऊन उभा राहिला, तर त्या येण्याचं काय होतं? हे वाचायचं असेल तर प्रवासवर्णनांचं कपाट बंद करून आत्मचरित्रांचं उघडावं लागतं. त्या कपाटात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं पुस्तक म्हणजे धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’. १९२४ साली ते पुस्तकरूपानं आलं.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. गोव्यातल्या सांखवाळचा, जेमतेम शाळा शिकलेला एक तरुण बुद्धाविषयी वाचतो आणि त्याला तेवढाच एक ध्यास लागतो. १८९९ साली तो घर सोडतो. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. आधी पुणं, मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि संस्कृत शिकायचं. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत असेल म्हणून तिकडं जातो, तिथली अवस्था पाहून निराश होतो. मग सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांकडे पाली शिकतो, श्रामणेर होतो. पुढं ब्रह्मदेश. जवळ पैसे नाहीत, वाटेत कुठं ओळख नाही, तब्येत साथ देत नाही. १९०६ साली तो घरी येतो. सात वर्षं!

आता या पुस्तकाबद्दल साधारणपणे काय बोललं जातं? ‘जिद्दीची कहाणी’. ज्ञानासाठी हालअपेष्टा सोसल्या वगैरे. खोटं नाही ते. पण असं म्हटलं की पुस्तकाचं सगळं वजन जाण्यावर पडतं. मला वाटतं, कोसंबींनी केलेली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे परत येणं. आणि नेमकं तिथंच ‘निवेदन’ तोकडं पडतं.

आधी अवघड का, ते बघू. १९०६ पर्यंत ज्यासाठी ते गेले होते ते त्यांना मिळालेलं होतं. भिक्षू म्हणून सिलोनमध्ये किंवा ब्रह्मदेशात सन्मानानं राहता आलं असतं. जेवण, निवारा, ग्रंथ, शिष्य, सगळं मिळालं असतं. त्यांनी चीवर उतरवलं. थेरवादी परंपरेत याला मनाई नाही, हे लक्षात घ्या. ब्रह्मदेशात तर कितीतरी मुलं काही दिवस चीवर घेतात आणि पुन्हा घरी जातात. पण आपल्याकडची समजूत वेगळी. संन्यास घेतलेला माणूस पुन्हा संसारात आला की आपण काय म्हणतो? ज्ञानेश्वरांच्या वडिलांचं काय झालं, ते इथं कुणाला सांगायला नको. अशा समाजात कोसंबी गृहस्थ म्हणून परत आले. कलकत्त्याला पाली शिकवू लागले, घरी गोव्याला गेले, पत्नीला कलकत्त्याला घेऊन आले. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, मुलगा झाला. तोच इतिहासकार दामोदर कोसंबी.

आणि या सगळ्याला पुस्तकात किती जागा? काशीतल्या दिवसांना मिळते त्या मानानं अगदी थोडी. बाळाबाईंची सात वर्षं तर फारच थोडी येतात. त्या काय म्हणाल्या, मुलीनं या परक्या माणसाकडं कसं पाहिलं, गावानं काय विचारलं, हे वाचकाला हवं असतं. मिळत नाही. कुणी म्हणेल, त्या काळात बायकोबद्दल कोण लिहीत होतं? पण हे उत्तर मला पुरत नाही. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं आहे. घरातलं लिहायची वाट मराठीत झालेली होती.

दुसरं एक कारण आहे, आणि ते कोसंबींच्या अभ्यासातलंच आहे. ज्या पाली वाङ्मयासाठी ते सात वर्षं हिंडले, त्यात घरी परतण्याचं एक प्रकरण आहे. महावग्गात बुद्ध कपिलवस्तूला येतो. राहुलची आई मुलाला म्हणते, जा, हे तुझे वडील, त्यांच्याकडं वारसा माग. बुद्ध त्या मुलाला प्रव्रज्याच देऊन टाकतो. तेव्हा म्हातारा शुद्धोदन बोलतो. मुलगा गेला तेव्हा किती दुःख झालं आणि आता नातूही गेला, हे तो स्पष्ट सांगतो. यापुढं आईबापांच्या संमतीशिवाय मुलांना प्रव्रज्या देऊ नका, असं मागतो आणि तसा नियम होतो. म्हणजे बघा, मागं राहिलेल्यांची तक्रार तिथं नोंदली गेलीय. इतकंच नाही, तिच्यावरून संघाचा नियम झालाय. ‘निवेदना’त अशी तक्रार करायला कुणी उभं राहत नाही.

ही गोष्ट कोसंबींना कळत नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. पुढं १९४० च्या सुमारास ‘भगवान बुद्ध’ लिहिताना ते नेमके गृहत्यागावर थांबतात. मध्यरात्री झोपलेल्या बायकोमुलाला सोडून गुपचूप निघून जाणारा सिद्धार्थ त्यांना मान्य नाही. अरियपरियेसन सुत्ताचा आधार घेऊन ते दाखवतात की आईबाप रडत असताना, त्यांच्या समक्ष गोतम घराबाहेर पडला. कारणही म्हातारा, रोगी, प्रेत दिसलं हे नाही, तर शाक्य आणि कोलियांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून होणारं भांडण. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्येही रोहिणीच्या पाण्याचंच कारण आहे. स्वतः घर सोडलेला माणूस चाळीस वर्षांनी, रडणाऱ्या आईबापांना त्या प्रसंगात पुन्हा उभं करतो. मला हे केवळ पाठचिकित्सेचं काम वाटत नाही. ‘निवेदना’त जे आलं नाही ते इथं दुसऱ्याच्या चरित्रात येतंय, असं माझं वाचन आहे. तुम्हाला पटलं नाही तर भांडा.

आणखी एक. परत येणं १९०६ ला संपलंच नाही. कलकत्त्यात विद्यापीठाची नोकरी होती, पगार चांगला होता. सयाजीराव गायकवाडांनी सांगितलं, महाराष्ट्रात राहा, दरमहा ५० रुपये देतो. कोसंबींनी ते ५० रुपये घेतले! बडोद्याच्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक झालं. १९१० ला हार्वर्डला गेले, १९१२ ला परत आले आणि फर्ग्युसनमध्ये पाली शिकवू लागले. पुन्हा हार्वर्ड, पुन्हा परत. सिलोनमध्ये पाली वाचणारे ढीगभर होते, इथं नव्हते, म्हणून इथं यायचं. आणि मुक्कामाला तर एक विद्यार्थी तयार करण्यापासून सुरुवात. इथं ‘निवेदन’ चांगलं बोलतं. पैशाचे आकडे, पत्रव्यवहार, कोण मदतीला आलं, सगळं नीट येतं. हा माणूस कामाच्या जागी परतल्याचं मोकळेपणानं सांगतो, घरी परतल्याचं सांगताना आवरतं घेतो.

‘निवेदना’चं इंग्रजी भाषांतर त्यांची नात मीरा कोसंबी यांनी केलं. त्यांनीच पंडिता रमाबाईंचं अमेरिकेचं प्रवासवृत्तही इंग्रजीत नेलं. १८८९ सालचं ते पुस्तक. रमाबाई तिथं अमेरिकेबद्दल लिहितात, पण प्रत्येक पानावर इथल्या बायकांशी बोलत असतात. पुढच्या व्याख्यानात ते घेऊ. जमलं तर त्यातलं बायकांच्या स्थितीवरचं प्रकरण वाचून या. आता प्रश्न असतील तर विचारा.