खोडदची दुर्बीण आणि तिचे चरित्रकार

पुण्याहून नाशिककडे जातांना नारायणगांव लागतें. तेथून आंत, खोडद गांवीं व भोंवतालच्या सुमारें २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यांत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. या रेडिओ-वेधशाळेविषयीं व तिचे प्रवर्तक गोविंद स्वरूप यांजविषयीं जें लिहिलें जातें, तें आम्ही आवडीनें वाचतों. ७ सप्टेंबर २०२० रोजीं स्वरूप निवर्तले. तेव्हांपासून अशा लेखांस भरतीच आली. परंतु त्यांतील बहुतेकांविषयीं आमची एक तक्रार आहे. हे लेखक चरित्र लिहावयास बसतात आणि पोवाडा रचून उठतात.

सामग्री तर उत्कृष्ट आहे. सिडनीजवळ पॉट्स हिल येथें सूर्याच्या वेधासाठीं उभारलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या मोडींत निघणार होत्या. १९५३ सालीं तेथें शिकावयास गेलेल्या स्वरूपांनीं त्या भारतासाठीं मागून घेतल्या, आणि १९६५ सालीं त्या आमच्या कल्याणास उभ्या राहिल्या. मध्यंतरीं १९६१ सालीं परदेशीं असलेल्या चौघा भारतीय संशोधकांनीं मायदेशीं परतण्याची तयारी पत्रानें कळविली होती. त्यांत स्वरूप होते, व होमी भाभांनीं ती गोष्ट तत्काळ उचलून धरली. पुढें उटीस डोंगराचा उतारच असा निवडला कीं, ५३० मीटर लांबीची दुर्बीण पृथ्वीच्या आंसाशीं समांतर बसावी. एखाद्या कादंबरीकारानें हेवा करावा असे हे प्रसंग. ते रंगवून सांगितल्याबद्दल आम्ही कोणास बोल लावीत नाहीं.

अडचण खोडदपाशीं येते. तेथें आमच्या लेखकांस एकच गोष्ट दिसते: थोड्या पैशांत केवढें काम! भक्कम पत्र्याऐवजीं पोलादी दोर ताणले, त्यांवर तारेची जाळी बसविली. मग यास काटकसरीचा चमत्कार म्हणावयाचें आणि पुढें जावयाचें. काटकसर खरीच, पण ती येथें आली कोठून? हायड्रोजनचा अणु २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. ती विश्वाच्या बालपणांतून येत असेल, तर विश्व प्रसरण पावत असल्यामुळें वाटेंत ताणली जाते आणि मीटरभराच्या आसपास होते. दीर्घिकांचे समूह जन्मण्यापूर्वीं अशा वायूचे प्रचंड मेघ असावेत, ही त्या वेळीं प्रचलित असलेली एक उपपत्ति होती, आणि ते मेघ शोधणें हा या दुर्बिणीचा एक प्रमुख हेतु होता. मीटरभर लहरीपुढें एक-दोन सेंटिमीटरांचें छिद्र म्हणजे छिद्रच नव्हे. म्हणून जाळी चालली. जाळींतून वारा निघून जातो म्हणून सांगाडा हलका करतां आला. सांगाडा हलका म्हणून खर्च आटोक्यांत राहिला. काव्यांत आशय आणि घाट यांचें जें नातें, तेंच येथें प्रश्न आणि पोलाद यांचें आहे.

आणि नेमका तो प्रश्नच हे लेख गाळतात. कारण उघड आहे. ते मेघ सांपडले नाहींत. आधीं लहान दीर्घिका झाल्या व त्यांचे समूह मागून जमले, असें मत दृढ होत गेलें, आणि तशा अवाढव्य मेघांची कल्पनाच मागें पडली. हें सांगितल्यानें नायकास उणेपणा येईल, अशी भीति लेखकांस वाटत असावी. आमच्या मतें उणेपणा येतो तो लेखास. अनेक वर्षें वर्ग घेतल्यावर आम्हांस दिसतें तें असें कीं, ज्या विद्यार्थ्यास थोरांचे केवळ जयच वाचावयास मिळतात, तो पहिल्याच चुकलेल्या निकालापाशीं वही मिटतो.

शिवाय या मौनामुळें पुढची कथाही समजेनाशी होते. ऑक्टोबर २०२० मध्यें, स्वरूपांच्या मृत्यूनंतर पुढच्याच महिन्यांत, चौधुरी, काणेकर, चेंगलूर प्रभृतींचा निबंध 'नेचर'मध्यें आला. सुमारें ८०० कोटी वर्षांपूर्वींच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचा संकेत खोडदला मिळाला होता. एकेका दीर्घिकेचा संकेत हातीं लागण्याजोगा नव्हता. ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकत्र करून तो वर काढला. यास स्वप्नपूर्ति म्हणण्याचा मोह होईल, पण म्हणूं नये. मूळ मेघ याहून कितीतरी दूरचे होते, आणि हा वायु निराळ्या ठिकाणचा. मूळ प्रश्न विझल्यावरही यंत्र जिवंत राहिलें, याचें श्रेय पुष्कळसें जुन्या तबकड्यांवर नवीं ग्राहकयंत्रें बसविणाऱ्या अभियंत्यांस आहे. पोवाड्यांत त्यांस एक ओळही मिळत नाहीं.

स्वरूपांचा स्वतःचा आत्मचरित्रपर लेख त्यांच्या पश्चात् २०२१ सालीं खगोलशास्त्राच्या एका प्रतिष्ठित वार्षिकांत छापला गेला. मथळ्यांत त्यांनीं आपल्या आयुष्यास 'प्रवास' म्हटलें आहे. मराठी चरित्रकारानें निदान तो शब्द तरी त्यांजकडून घ्यावा, आणि न सांपडलेल्या मेघांस एक स्वतंत्र प्रकरण द्यावें.