थोरल्याच्या बाजूचं पुस्तक

घरात बाळ येणार म्हटलं की सगळे तयारीला लागतात. डिंकाचे लाडू वळले जातात, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून होतात, माळ्यावरचा पाळणा खाली येतो. चार वर्षांच्या थोरल्याची तयारी मात्र एका प्रश्नात उरकते: भाऊ पाहिजे की बहीण? मग आई बाळंतपणाला माहेरी जाते. पोर तिच्याबरोबर गेलं तर बाबांना आणि शाळेला मुकतं. आजीजवळ मागं राहिलं तर आईला. ती परत येते तेव्हा तिची मांडी अडलेली असते. एवढं सगळं सोसणाऱ्या या पोराच्या बाजूनं बोलणारं चित्रपुस्तक मराठीत शोधावं लागतं, ही मला आपल्या बालसाहित्यातली मोठी उणीव वाटते.

मराठी चित्रपुस्तक दुबळं आहे, असं मुळीच नाही. शब्द आणि चित्रं दोन्ही स्वतः करणाऱ्या माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं मुलाच्या नजरेच्या उंचीवर आणली. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, तो अगदी योग्य. ज्योत्स्ना प्रकाशन, तुलिका, प्रथम बुक्स यांनी देखणी पुस्तकं मराठी मुलांच्या हाती दिली. पण नव्या बाळाची गोष्ट निघाली की आपल्याकडे मोठ्यांचाच आवाज चढतो. ‘आता तू दादा झालास, हट्ट करायचा नाही.’ सुरुवातीला रुसलेला मुलगा शेवटच्या पानावर हसत पाळणा हलवतो. मधलं रडू कुठं गेलं?

एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘पीटर्स चेअर’मध्ये (१९६७) ते रडू जागेवर आहे. पीटरचा पाळणा, त्याची उंच खुर्ची बहिणीसाठी गुलाबी रंगवली जाते. उरलेली निळी खुर्ची घेऊन तो कुत्र्यासह घराबाहेर पडतो, तिच्यात बसू पाहतो, तर मावतच नाही. तू मोठा झालास हे त्याला कुणी सांगत नाही; खुर्ची सांगते. नंतर बाबांबरोबर तोच ती रंगवायला बसतो. केविन हेन्क्स यांची लिली (१९९०) तर धाकट्या भावाचा उघड राग करते, पण नात्यातल्या दुसऱ्या कुणी त्याला नावं ठेवली की उसळून उठते. अशा थोरल्या बहिणी आपल्या गल्लीगल्लीत आहेत.

तरीही नुसत्या भाषांतरानं भागणार नाही. बाळाची वेगळी सजवलेली खोली आपल्या बहुतेक घरांत नसते. आपल्याकडे शेगडीचा शेक असतो, ओवा-शेपांचा वास असतो, कानात कुर्रर्र करून पाठीत धपाटे खाणारी आत्या असते. पाचवीच्या रात्री सटवाईनं बाळाचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद आणि पेन ठेवतात. त्या कागदावर सटवाईच्या आधी थोरल्यानं काय काढलं? यातून एक अख्खं चित्रपुस्तक उभं राहील. आणि ‘पाठचं भावंड’ हा शब्द! लहान मुलाला तो पाठीवर बसलेल्या ओझ्यासारखाही वाटेल आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या सोबत्यासारखाही. चित्रकाराला याहून काय हवं?

हे काम कोल्हापुरात व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. हे आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांचं गाव. करवीर नगर वाचन मंदिर इथं १८५० पासून आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं ते इथंच, आणि मुलाचा अनुभव हेच शिकण्याचं मूळ मानलं. पण याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. म्हणून ‘भाऊ पाहिजे की बहीण’ हा प्रश्न इथं साधा राहत नाही. त्याचं कोणतं उत्तर मोठ्यांना आवडतं, ते चार वर्षांचं पोरही ओळखतं.

कोल्हापूरच्या चित्रकारांनो, पहिलं पुस्तक बहिणीच्या बारशाचं काढा. आणि थोरल्याला त्यात पोटभर रडू द्या.