रॅकला गाव नसते

हेमाडपंती देवळाच्या खांबावर आपल्याकडे लेख येतात, पैठणीच्या काठावर येतात, गढीच्या बुरुजावरही येतात. ज्या लोखंडी सांगाड्यात आजचा सातबारा, बँकेचे खाते आणि परीक्षेचा निकाल ठेवलेला असतो, त्यावर मात्र कोणी लिहीत नाही. तो सांगाडा म्हणजे सर्व्हरचा रॅक. गेली काही वर्षे मी नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत जमेल तेथे असे रॅक पाहत आलो आहे. मी पदवीधर अभियंता नाही. जे समजले ते यंत्रे उघडून, माहितीपत्रके वाचून आणि जाणत्यांना विचारून समजले. या लेखात रॅक आणि त्याला थंड ठेवणारी सामग्री यांच्याकडे मी एक रचना म्हणून पाहणार आहे. रचना कोणासाठी केली, ती काय लक्षात घेते आणि कशाकडे काणाडोळा करते, हे प्रश्न कवितेला विचारता येतात तसे लोखंडालाही विचारता येतात.

आधी वस्तू पाहू. रॅकची दर्शनी पट्टी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर रुंद असते. उभ्या मापाचा एकक 'यू'. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. नेहमीचा रॅक ४२ यूचा असतो. त्याची आतली उंची सुमारे १८६७ मिलिमीटर, म्हणजे पुरुषभर भरते. हे माप संगणकाच्या आधीचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले ज्या चौकटींवर बसवत, तेथून ते आले. शंभर वर्षांत आतली यंत्रे पार बदलली, चौकट राहिली. कोणत्याही कंपनीचा सर्व्हर कोणत्याही कंपनीच्या रॅकमध्ये बसतो, हे या मापाचे मोठेच यश आहे. न्यूयॉर्कमध्ये आणि नायगावात रॅक सारखाच. रॅकला गाव नसते.

माझे म्हणणे या शेवटच्या वाक्यापासून सुरू होते. रॅकला गाव नसले तरी त्यातल्या उष्णतेला ते असते. रॅकमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन बाहेर येते, आणि ती टाकायला बाहेरची हवा किंवा पाणी लागते. ही हवा आणि हे पाणी त्या त्या गावाचे असते. म्हणून अशा रचनेचा कस रॅकपेक्षा तिच्या शीतकरणात लागतो.

सर्व्हर समोरून हवा आत घेतो आणि मागून बाहेर टाकतो. हवेचे तापमान १२ अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर एक किलोवॅट उष्णता नेण्यासाठी तासाला सुमारे २५० घनमीटर हवा लागते. पाच किलोवॅटच्या साध्या रॅकला १२५० घनमीटर. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या खोलीतली सगळी हवा तासाभरात ४४ वेळा रॅकमधून जायला हवी. हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की रॅकच्या प्रत्येक भागाचा अर्थ लागतो. जाळीचे दार का, केबल एका बाजूला बांधून का घ्यायच्या, रिकाम्या यूवर कोरी पट्टी का लावायची, या सगळ्यांचे उत्तर एकच: मागची तापलेली हवा वळसा घालून पुन्हा पुढे येऊ नये. कोरी पट्टी हा या सगळ्या सामग्रीतला सर्वांत स्वस्त भाग, आणि सर्वांत जास्त वेळा न लावलेला.

आमच्याकडच्या लहान खोल्यांत रॅकची ही भाषा अनेकदा वाचलेलीच नसते. रॅकला काचेचे दार असते, कारण ते देखणे दिसते. पाठ भिंतीला टेकवलेली असते, कारण कपाट तसेच ठेवायची आपली सवय. वर स्प्लिट एसी. हा एसी माणसांसाठी बनलेला. माणसाच्या अंगातून घाम येतो, म्हणून त्याची बरीच ताकद हवेतला दमटपणा काढण्यात जाते. सर्व्हरला घाम येत नाही. त्याची उष्णता कोरडी असते. मग एसीचे टन कागदावर पुरेसे असूनही प्रत्यक्षात कमी पडतात. नांदेडमधल्या एका संस्थेत मे महिन्यात रोज दुपारी तीनच्या सुमारास सर्व्हर आपोआप बंद पडत असे. दुसरा एसी घ्यायचे ठरत होते. आम्ही रॅक भिंतीपासून अडीच फूट पुढे ओढला, काचेचे दार काढले आणि रिकाम्या जागा जुन्या पत्र्याचे तुकडे कापून बंद केल्या. बंद पडणे थांबले. यात माझे कौतुक काही नाही. रॅक तयार करणाऱ्याने जे गृहीत धरले होते, तेवढेच आम्ही केले.

लातूरमध्ये रॅक पाहताना आणखी एक गोष्ट डोक्यात येतेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात माणसे झोपेत गेली, ती जाड दगडी भिंती आणि माळवदाच्या मातीच्या भाराखाली. डोक्यावरचे वजन भूकंपात काय करते, हे या जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही बॅटरीसारख्या जड वस्तू वरच्या खणात ठेवलेले आणि जमिनीला एकही बोल्ट नसलेले रॅक मी येथे पाहिले आहेत. चौकट जगभर सारखी असली तरी ती कोणत्या जमिनीवर उभी आहे हे बसवणाऱ्यालाच पाहावे लागते.

आता मोठ्या डेटा सेंटरकडे वळू. महाराष्ट्रातली अशी केंद्रे आज मुख्यतः मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या पट्ट्यात आहेत. तेथे रॅकच्या रांगा समोरासमोर लावतात. दोन तोंडांमध्ये गार गल्ली, दोन पाठींमध्ये गरम गल्ली. गल्ली वरून व दोन्ही टोकांना बंद केली की गार आणि गरम हवा मिसळत नाही. मग हवा फार गार करावी लागत नाही. अमेरिकेतल्या 'ॲशरे' या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. खोलीत शिरताच हुडहुडी भरली पाहिजे हा समज जुना झाला. पंख्यांचा वेग निम्म्यावर आणला तर त्यांना लागणारी वीज साधारण एक अष्टमांश होते, म्हणून मोठे पंखे सावकाश फिरवणे फायद्याचे. ही सगळी रचना खरोखर हुशारीची आहे.

तिचे मूल्यमापन ज्या आकड्याने होते, तेथे माझा आक्षेप आहे. 'ग्रीन ग्रिड' या उद्योगसंघाने २००७ मध्ये 'पीयूई' हे गुणोत्तर पुढे आणले. केंद्राला लागणारी एकूण वीज भागिले संगणकांना लागणारी वीज. उत्तर १ च्या जितके जवळ तितकी रचना चांगली. सोपा, उपयोगी आकडा. पण तो फक्त वीज मोजतो. हा आकडा खाली आणायचा एक हमखास मार्ग म्हणजे कॉम्प्रेसर कमी चालवून पाण्याची वाफ करणे, मग ती कूलिंग टॉवरमध्ये असो की ओल्या जाळीतून हवा ओढून. वीज वाचते, आकडा सुधारतो आणि पाणी आभाळात जाते.

हे तत्त्व आम्हाला नवे नाही. पत्र्याचा कूलर, त्यात वाळा किंवा गवताचे ताटे, खाली पाण्याची टाकी, हे यंत्र मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडावर घरोघरी बाहेर निघते. ते येथे उत्तम चालते, त्यालाही कारण आहे. मे महिन्याच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओल्या जाळीतून हवा जास्तीत जास्त सुमारे २३ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑगस्टमध्ये तापमान ३० आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तीच जाळी २७ अंशांच्या खाली नेऊ शकत नाही. म्हणजे पाणी उडवून मिळणारा थंडावा आमच्याकडे भर उन्हाळ्यात सर्वांत भरघोस मिळतो, आणि पाणी नेमके तेव्हाच नसते. पाऊस येतो, पाणी येते, तेव्हा त्याचा उपयोग घटलेला असतो. यंत्राचा आणि प्रदेशाचा हा बेबनाव कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

थोडे गणित करू. एक युनिट वीज उष्णता होऊन केवळ बाष्पीभवनाने घालवायची तर साधारण दीड लिटर पाणी उडून जाते. एक मेगावॅटचे केंद्र दिवसाला २४ हजार युनिट वापरते; त्यासाठी ३६ हजार लिटर. पाणी उडते पण त्यातले क्षार टाकीतच राहतात, म्हणून काही पाणी सतत सोडून द्यावे लागते. आमच्या बोअरचे पाणी जड. क्षार तिप्पट होईपर्यंतच ते वापरायचे म्हटले, तर उडालेल्या पाण्याच्या निम्मे पाणी गटारात सोडावे लागते. एकूण ५४ हजार लिटर. दहा मेगावॅटला रोज ५ लाख ४० हजार लिटर.

हा आकडा लातूरकराला ओळखीचा वाटेल. मांजरा धरण कोरडे पडल्यावर १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. ज्या गाडीसाठी एक शहर डोळे लावून बसले होते, तेवढे पाणी दहा मेगावॅटचे केंद्र या पद्धतीने रोज उडवील, आणि तरीही त्याचा पीयूई वाखाणला जाईल.

उद्योगाला हे कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ग्रीन ग्रिडनेच २०११ मध्ये पाण्यासाठी 'डब्ल्यूयूई' हा आकडा आणला: संगणकांच्या दर युनिटमागे किती लिटर. मात्र तो वर्षाच्या सरासरीचा आहे. सरासरी पावसावर पीक येत नाही, हे आमच्या शेतकऱ्याला कोणी सांगायला नको. ऑगस्टच्या आधाराने मे झाकला जातो, आणि येथल्या रचनेची खरी परीक्षा मे महिन्यातच होते.

पाण्याऐवजी कोरडे रेडिएटर वापरले तर कॉम्प्रेसरला उन्हाळ्यात जास्त वीज लागते, आणि औष्णिक विजेलाही पाणी लागतेच. परळीचे केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. हा आक्षेप खरा आहे. पण येथे उष्णता आणि ऊन एकाच वेळी शिगेला पोचतात. दुपारची जादा वीज सौर पॅनेलवरून घेता येते. दुपारचे जादा पाणी कोठून घ्यायचे?

दुसरी वाट रॅकच्या आतून जाते. एक घनमीटर पाणी तेवढ्याच हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. चिपवरच तांब्याची पोकळ पट्टी बसवून तिच्यातून बंद नळीतले पाणी फिरवले, तर ते एकदा भरले की पुरते. ४० ते ४५ अंशांचे कोमट पाणीसुद्धा चिपला चालते, त्यामुळे ते बाहेर साध्या रेडिएटरमध्ये निववता येते. नांदेडचा पारा ४२-४३ वर जातो त्या थोड्या तासांपुरतीच जादा मदत लागेल. हे स्वप्नरंजन नाही. पुण्याच्या आयसर संस्थेतला सी-डॅकचा 'परम ब्रह्म' हा महासंगणक थेट द्रवशीतनाचा आहे. एनव्हिडियाच्या ७२ चिपांच्या नव्या रॅकला सुमारे १२० किलोवॅट लागतात; वरच्या हिशेबाने त्याला तासाला ३० हजार घनमीटर हवा हवी. तेथे द्रवाला पर्यायच उरलेला नाही. मात्र सावध राहावे: रॅकमध्ये बंद नळी आणि छपरावर उघडा कूलिंग टॉवर अशी जोडीही होऊ शकते. 'द्रवशीतन' एवढा शब्द ऐकून पाणी वाचले असे समजू नये. उष्णता शेवटी कशात टाकली, ते पाहावे.

म्हणून माझी मोजपट्टी साधी आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही केंद्राला, मग ते महाविद्यालयातली एका रॅकची खोली असो की उद्या उभे राहणारे मोठे संकुल, तीन गोष्टी विचाराव्यात. मे महिन्यात दर युनिटमागे किती लिटर पाणी लागते? ते कोठून येते: बोअर, धरण की शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी? आणि तो झरा आटला तर यंत्र पाण्याविना चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर बाकीची हुशारी येथे उपयोगाची नाही.

या खोल्यांसाठी निघालेल्या काही निविदा माझ्या पाहण्यात आल्या. त्यांत टनांचा रकाना होता, विजेच्या दाबाचा होता, रॅकच्या रंगाचाही होता. लिटरचा रकाना एकीतही नव्हता. तो छापायला कागदावर एक ओळ लागते.