मूत्राशयाचा कर्करोग आणि पी-५३ दर्शक : एक चिकित्सा

मूत्राशयाच्या कर्करोगाचे भवितव्य प्रामुख्याने अर्बुदाची खोली व श्रेणी यांवरून वर्तविले जाते. पेशींतील दर्शकांच्या, अर्थात मार्करच्या, आधारे हे भाकीत अधिक नेमके होईल, ही अपेक्षा १९९४ मधील एस्रिग व सहकाऱ्यांच्या अभ्यासाने बळावली. मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांपैकी ज्यांच्या अर्बुदपेशींच्या केंद्रकांत पी-५३ प्रथिन साचलेले होते, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले.

परंतु जुन्या नोंदींशी दर्शक जुळणे आणि त्यावरून उपचार ठरविता येणे, या भिन्न बाबी होत. स्टॅडलर व सहकाऱ्यांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४९९ रुग्णांची पी-५३ तपासणी झाली. २७२ जण पी-५३ सकारात्मक ठरले, मात्र केमोथेरपी की केवळ निरीक्षण, अशी यादृच्छिक विभागणी ११४ जणांचीच झाली. पी-५३ वरून ना रोग उलटण्याचे भाकीत साधले, ना केमोथेरपीचा लाभ दिसला. अर्थात, रुग्णसंख्या अपुरी राहिल्याने हा निर्णयही अंतिम मानता येत नाही.

उणिवेचे एक मूळ पद्धतीतच आहे. रंजनाने दिसते ते प्रथिन; जनुकातील बिघाड नव्हे. काही उत्परिवर्तनांत प्रथिन तयारच होत नाही, आणि असे अर्बुद ‘नकारात्मक’ गणले जाते. शिवाय १० टक्के केंद्रके रंगण्याची सीमारेषा संशोधकांनीच आखलेली आहे. ती किंवा प्रतिपिंड बदलताच रुग्णाचा गट बदलू शकतो. म्हणूनच प्रतिपिंड, सीमारेषा व रुग्णनिवड स्पष्ट नोंदविण्याचा २००५ च्या ‘रिमार्क’ मार्गदर्शक सूत्रांचा आग्रह केवळ औपचारिक ठरत नाही. ‘नकारात्मक’ या एका शब्दावर रुग्णाचा उपचार नाकारला जाऊ शकतो.