थांबलेला यती : थीम पार्कची संहिता, देखभाल आणि चाहत्याचे गांभीर्य

फ्लोरिडातील डिस्नेच्या ‘अ‍ॅनिमल किंगडम’ या उद्यानात एप्रिल २००६ मध्ये ‘एक्स्पेडिशन एव्हरेस्ट’ ही राइड सुरू झाली. प्रवासी चहाच्या मळ्यांच्या जुन्या आगगाडीत बसून एका कृत्रिम हिमशिखरात शिरतो. पुढे रूळ उखडलेले दिसतात, गाडी अंधारातून उलटी धावते आणि अखेरच्या उतारावर सुमारे पंचवीस फूट उंचीचा यांत्रिक यती त्याच्या अंगावर झेपावतो. निदान मूळ योजना अशी होती. उद्घाटनानंतर काही महिन्यांतच या यतीची हालचाल थांबली. तेव्हापासून उघडझाप करणाऱ्या प्रखर दिव्यांच्या साहाय्याने तो हलत असल्याचा भास निर्माण केला जातो आणि चाहते त्याला ‘डिस्को यती’ म्हणतात. राइडचे प्रमुख रचनाकार जो रोडी यांनी २०१३ मध्ये चाहत्यांच्या एका मेळाव्यात यतीला कधी ना कधी पुन्हा हलता करण्याचे आश्वासन दिले. २०२१च्या आरंभी ते निवृत्त झाले, तेव्हाही यती थांबलेलाच होता.

गाडी यतीसमोरून जाते ती अवघे काही क्षण. या क्षणांसाठी चाहत्यांनी वर्षानुवर्षे वाद घालावा, पायाच्या काँक्रीटपासून सांगाड्याच्या जोडणीपर्यंत तर्क लढवावेत, हे बाहेरच्या माणसाला विक्षिप्त वाटते. चाहत्यांपैकीही अनेकांना ते तसेच वाटते. ‘शेवटी ही एक राइड आहे’ हे वाक्य या वर्तुळात वारंवार ऐकू येते. तक्रार करणारा त्यावर ज्याला सर्वच गोड दिसते त्याच्यासाठी ‘पिक्सी डस्टर’ हे शेलके विशेषण वापरतो. परीच्या हातची चमकी डोळ्यांत गेलेला, असा त्याचा भावार्थ. या दोन पक्षांतील भांडणाकडे अभिरुचीच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणून पाहता येते का, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

थीम पार्कविषयीची गाजलेली सैद्धांतिक मांडणी या प्रश्नाला फारशी उपयोगी पडत नाही. लुई मारँ यांनी १९७३ मध्ये डिस्नेलँडचे वर्णन अवनत युटोपिया असे केले. उंबेर्तो एको यांनी १९७५च्या आपल्या प्रवासनिबंधात तेथील अस्सलाहून अस्सल भासणाऱ्या नकलेची चिकित्सा केली. १९८१ मध्ये झाँ बोद्रियार यांनी उर्वरित अमेरिका खरी आहे असे भासवण्यासाठीच डिस्नेलँड उभे आहे, असा पवित्रा घेतला. तिघांची दृष्टी भेदक आहे यात शंका नाही. परंतु तिघांचेही उद्यान प्रायः पूर्ण, चालू आणि निर्दोष असते. त्यांच्या डिस्नेलँडमध्ये बोट बंद पडत नाही, चाच्याचा हात मध्येच अडकत नाही, मुख्य रस्त्यावरचा दिवा गेलेला नसतो. एकदा पाहून परतणाऱ्या विचारवंताला हे दिसण्याचे कारणही नाही. चाहता मात्र तेथे चाळीस वेळा जातो आणि चाळिसाव्या वेळी त्याला एकोणचाळिसाव्या वेळेशी तुलना करता येते.

ही तुलना शक्य होते, कारण राइड ही छापील ग्रंथासारखी एकदा सिद्ध होऊन राहणारी वस्तू नाही. मराठी नाट्यविचारात संहिता आणि प्रयोग यांत केला जाणारा भेद येथे नेमका लागू पडतो. आराखडे, ध्वनिमुद्रण, पुतळ्यांच्या हालचालींचा क्रम ही राइडची संहिता. दर काही सेकंदांनी सुटणाऱ्या गाडीबरोबर तिचा एकेक प्रयोग होतो. नटाला सर्दी झाली तर प्रेक्षक समजून घेतो, कारण नट माणूस आहे. यंत्राकडून मात्र तो प्रत्येक प्रयोग पहिल्यासारखाच मागतो. ही मागणी अवाजवी असली तरी अकारण नाही. एकाच हालचालीची थकवा न येता पुनरावृत्ती करील, हेच तर यांत्रिक नटाचे मूळ आश्वासन होते.

अशा वेळी देखभाल ही रंगमंचामागची किरकोळ बाब राहत नाही. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त जी सात रसविघ्ने सांगितली आहेत, त्यांतील ‘प्रतीत्युपायवैकल्य’ म्हणजे प्रतीती घडवणाऱ्या साधनांतच उणीव असणे. थांबलेला यती हे त्याचे जवळजवळ पाठ्यपुस्तकी उदाहरण ठरावे. कथानक, पूर्वतयारी, भयाचा चढता क्रम सर्व काही जागेवर आहे. ज्या साधनातून भयानकाची परिणती व्हायची तेवढे निकामी आहे. मात्र येथेच एक अडचण उभी राहते. प्रथमच आलेल्या प्रवाशाला विघ्न जाणवतच नाही. तो किंचाळतो, हसतो, उतरतो आणि समाधानाने पुढच्या रांगेत जातो. विघ्न फक्त जाणत्याला होते. तेव्हा जाणतेपण रसास्वादाला साधक की बाधक, हा सहृदयाच्या संकल्पनेतील जुना पेच या अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटतो. अभिनवगुप्तांचा सहृदय काव्याच्या अभ्यासाने मन आरशासारखे स्वच्छ करून तन्मय होण्यास पात्र होतो. चाहत्याचा अभ्यास त्याला पुष्कळदा तन्मयतेपासून दूर नेतो. त्याची नजर यतीवर न राहता सांध्यांवर जाते.

या नजरेचे कौशल्य मात्र कमी लेखता येणार नाही. ‘एक्स्पेडिशन एव्हरेस्ट’ ज्या ‘आनंदपूर’ नावाच्या कल्पित राज्यात वसवली आहे, तेथे जीर्णता ही मुद्दाम रचलेली आहे. रंगाचे पोपडे, गंजलेले पत्रे, विरलेल्या पताका, भेगाळलेल्या भिंती हे सारे कारागिरांनी घडवलेले आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘टॉवर ऑफ टेरर’मधील उजाड हॉटेल आणि १९६९ पासूनचा ‘हाँटेड मॅन्शन’ याच परंपरेतले. तेथे कोळिष्टकेही सजावटीचाच भाग असतात. आलोइस रीग्ल यांनी १९०३ मध्ये वास्तूच्या ‘कालमूल्या’ची कल्पना मांडली तेव्हा काळ हा निसर्गाचा हात होता, त्याची खूण नकली असू शकते हे त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी नव्हते. आनंदपुरात रचलेल्या गंजाशेजारी खरा गंज चढतो. या दोहोंतला फरक ओळखणे, म्हणजे हा पोपडा लेखकाचा की काळाचा हे सांगणे, ही एक प्रकारची पाठचिकित्साच आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, त्या कार्याशी याची तुलना महत्त्वाच्या दृष्टीने करणे हास्यास्पद होईल. परंतु व्यापाराची जात तीच आहे. नकलांच्या प्रवासात शिरलेला अपपाठ वेगळा काढायचा, तर मूळ पाठाविषयी श्रद्धा आणि प्रतीविषयी संशय एकाच वेळी बाळगावा लागतो.

याच नजरेची मर्यादाही आनंदपुरातच दिसते. भारत, नेपाळ, तिबेट यांच्या खुणांची सरमिसळ करून, कोणत्याही नकाशावर नसलेले हे राज्य उभे केले आहे. चहाच्या मळ्यांची आगगाडी वसाहतवादाचा इतिहास मागे ठेवूनच तेथे पोहोचते. भारतीय अभ्यासकाच्या नजरेत प्रथम हे भरते. यतीच्या सांध्यांवर रात्र रात्र खल करणाऱ्या वादात मात्र हा हिमालय कोणाचा, हा प्रश्न क्वचितच येतो. गांभीर्य तेथे भरपूर आहे. त्याचा परीघ लहान आहे.

आतापर्यंतच्या विवेचनात देखभाल हा सौंदर्याचा प्रश्न होता. तो तेवढाच नाही. डिसेंबर १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये ‘कोलंबिया’ या जहाजाचा दोर अडकवण्याचा धातूचा खुंट उखडून एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. त्यानंतर १९९९ मध्ये त्या राज्यात कायमस्वरूपी उद्यानांच्या राइड्सची शासकीय तपासणी करणारा कायदा झाला. ५ सप्टेंबर २००३ रोजी त्याच उद्यानात ‘बिग थंडर माउंटन रेलरोड’ची गाडी घसरून एक तरुण दगावला, इतर प्रवासी जखमी झाले. राज्याच्या तपासात सदोष देखभालीमुळे झालेला यांत्रिक बिघाड हे कारण पुढे आले. कर्मचाऱ्यांना गाडीचा वेगळा आवाज जाणवला होता, हेही नोंदले गेले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून उडालेले रंग आणि बंद दिवे मोजत ‘खर्चकपात होत आहे’ असे सांगणाऱ्या चाहत्यांना यात आपल्या म्हणण्याचा भीषण पुरावा दिसला. त्यांच्यावर अतिरेकाचा शिक्का मारणाऱ्यांना काही काळ उत्तर सुचले नाही. पुढे मॅट विमेट यांच्या अध्यक्षपदाच्या काळात, २००५च्या सुवर्णमहोत्सवापूर्वी उद्यानाची मोठी रंगरंगोटी व दुरुस्ती झाली. तिचे स्वागत चाहत्यांनी जवळजवळ राज्यारोहणाच्या थाटात केले.

तरीही या पुराव्याची तर्कदृष्ट्या छाननी आवश्यक आहे. रंग उडाला म्हणजे नटबोल्ट सैल आहे, असे अनुमान निघत नाही. प्रवाशाला दिसतो तो दर्शनी भाग; धोका असतो तो त्याला कधीही न दिसणाऱ्या चाकांच्या जोडणीत. एखादी राइड झळझळीत रंगवलेली आणि तरीही असुरक्षित असू शकते, तर थांबलेल्या यतीखालून जाणारी गाडी पूर्णतः सुरक्षित असू शकते. किंबहुना यतीला न हलवणे हाच एखाद्या अभियंत्याचा सावध निर्णय असू शकेल. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, हे न्यायशास्त्राने शिकवले, पण त्याआधी व्याप्ती सिद्ध करावी लागते हेही त्यानेच शिकवले. येथे व्याप्ती सिद्ध नाही. चाहत्याचे मूळ म्हणणे याहून सूक्ष्म आणि अधिक बळकट करता आले असते. जी संस्था दिसणाऱ्या गोष्टीची काळजी सोडते, तिच्या न दिसणाऱ्या कामाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकांना आहे, एवढेच. प्रश्नाचा अधिकार आणि निष्कर्षाचा पुरावा यांची गल्लत ‘आम्ही सांगितलेच होते’ या विजयी स्वरात होते. एका मृत्यूच्या संदर्भात तो स्वर कानाला खटकतो.

‘फार गांभीर्याने घेणे’ या आरोपाचा अर्थ येथे थोडा उलगडतो. हेन्री जेन्किन्स यांच्या १९९२च्या ग्रंथानंतर चाहत्याला निष्क्रिय ग्राहक न मानता संहितेत घुसून शिकार करणारा वाचक मानण्याची प्रथा पडली. ती स्वागतार्ह असली तरी तिने चाहत्याच्या प्रत्येक आग्रहाला प्रतिकाराचे तेज चढवले. थीम पार्कच्या चाहत्याच्या हातात मात्र लेखणी नाही. तो पर्यायी कथा लिहू शकेल, पण पर्यायी यती उभारू शकत नाही. मालकी पूर्णतः दुसऱ्याची आणि ममत्व पूर्णतः आपले, या विषम नात्यातून त्याचा स्वर कर्कश होतो. देवळाचा जीर्णोद्धार गावाला वर्गणी काढून करता येतो. येथे भक्ताने फक्त तिकीट काढायचे असते.

लाकडी रोलर कोस्टरच्या रसिकांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन कोस्टर एन्थुझिअ‍ॅस्ट्स’ या संघटनेने जुने कोस्टर वाचवण्याला आरंभापासून महत्त्व दिले. पेनसिल्व्हेनियातील १९०२ सालचा ‘लीप-द-डिप्स’ १९८५ मध्ये बंद पडला आणि रसिकांच्या खटपटीनंतर १९९९ मध्ये पुन्हा धावला. अशा कोस्टरची फळी न् फळी कालांतराने बदलते, पण त्यामुळे तो नकली झाला असे कोणी म्हणत नाही. नेल्सन गुडमन यांच्या परिभाषेत सांगायचे तर त्याचे अस्तित्व संगीताच्या स्वरलेखनासारखे आहे. चढउतार तेच असले की कृती तीच. डिस्नेचा चाहता मात्र चित्राच्या रसिकासारखा मूळ रंग, मूळ आवाज, मूळ हात मागतो. दोन्ही गटांचे प्रेम सारखेच उत्कट आहे, कृतीच्या अस्मितेविषयीची कल्पना भिन्न आहे.

‘स्प्लॅश माउंटन’च्या वादात ही कल्पना कसोटीला लागली. १९४६च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातील प्राणीकथांवर आधारलेली ही राइड १९८९ मध्ये डिस्नेलँडमध्ये सुरू झाली. त्या चित्रपटातील वर्णविषयक चित्रण आधीच आक्षेपार्ह ठरले होते. राइड बदलण्याची घोषणा २०२० मध्ये झाली, अमेरिकेतील दोन्ही राइड्स २०२३ मध्ये बंद झाल्या आणि २०२४ मध्ये त्यांच्या जागी ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ आली. मधल्या काळात देखभालीची भाषा दोन्ही पक्षांनी वापरली. बंद पडलेले पुतळे हे एकाला जाणूनबुजून केलेल्या उपेक्षेचे चिन्ह वाटले, दुसऱ्याला राइडचे आयुष्य संपल्याचे. कथेचे जे मूळ वाचवायचे होते, त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. सशाला चिकटवून धरणाऱ्या डांबरी बाहुलीच्या कथेचा धागा जोसेफ जेकब्स यांनी १८९२ मध्येच पंचावुध जातकापर्यंत नेला होता. त्या जातकात राजकुमार चिकट केसांच्या यक्षाला एकेक अवयवाने चिकटत जातो. आफ्रिकी-अमेरिकी गुलामांच्या मुखातून गोऱ्या संग्राहकाच्या ग्रंथात, तेथून चित्रपटात, तेथून राइडमध्ये आलेल्या या कथेतली डांबरी बाहुली राइडच्या रचनाकारांनी आधीच काढून टाकून तेथे मध ठेवला होता. मूळ म्हणून ज्याचे रक्षण चालले होते, तो स्वतःच एक संस्कारित पाठ होता.

यतीच्या बाबतीत आता आणखी एक गुंतागुंत झाली आहे. त्याला हलताना पाहिलेले चाहते थोडे आणि वयाने वाढत चाललेले. नंतर आलेल्या सर्वांनी पाहिला तो दिव्यांच्या उघडझापीतला यतीच. ‘डिस्को यती’ हे नाव उपहासातून जन्मले, पण पुढे ते लाडाने घेतले जाऊ लागले. ज्याला हे नाव ठाऊक तो आतल्या गोटातला, अशी त्याची खूण झाली. उद्या यती खरोखर झेपावला, तर पाठशुद्धी झाली म्हणून जुना चाहता आनंदेल आणि आपल्या ओळखीचा यती गेला म्हणून नवा चाहता तक्रार करील, अशी शक्यता अगदीच नाकारता येत नाही.