बातमीचा प्रेक्षक आणि गुन्हेकथेचा प्रेक्षक

माध्यमशास्त्राच्या अभ्यासकांनी दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाची वाटणी करून टाकली आहे. वृत्त पाहणारा तो नागरिक. गुन्हेकथा पाहणारा तो करमणुकीचा भुकेला. आचऱ्यासारख्या गावी ही वाटणी टिकत नाही. ज्या ओटीवर रात्रीच्या बातम्या ऐकल्या जातात, त्याच ओटीवर त्याच मंडळींनी १९९८ पासून वीस वर्षे ‘सी.आय.डी.’ पाहिली.

डेव्हिड मोर्ले याने बी.बी.सी.चा ‘नेशनवाइड’ हा वृत्तकार्यक्रम २९ गटांस दाखवून १९८० मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. कामगारवर्गातलेच असूनही शिकाऊ उमेदवार आणि कामगारसंघाचे कार्यकर्ते यांनी लाविलेले अर्थ जुळले नाहीत. प्रेक्षक दाखविलेले मुकाट्याने गिळीत नाही, हे दाखवून देण्याचे मोर्लेचे श्रेय मोठेच आहे. परंतु अर्थ लाविताना मनाची अवस्था कोणती होती, याचा उलगडा त्याने होत नाही. तो प्रश्न न. चिं. केळकरांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून हाताळिला होता. त्यांची ‘सविकल्प समाधी’ म्हणजे हेच, की रसिक कथेशी तद्रूप होतो, पण स्वतःस विसरत नाही. दशावतारातला राक्षस गर्जू लागला म्हणजे पोरे आईच्या कुशीत शिरतात. थोरांस मात्र हाच राक्षस उद्या शेतात दिसावयाचा, हे ठाऊक असते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही रहस्यमालिका २०१६ साली सुरू झाल्यावर आकेरीचा तो वाडा पाहावयास लोक लोटले. शहाण्यांनी त्यांस हसावे असे त्यात काही नव्हते. खेळ जेथे झाला ती जागा पाहण्याचीच ती हौस होती.

खरा धोका निराळ्या बाजूस आहे. २०२० साली सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर कित्येक वृत्तवाहिन्यांनी तपास, साक्ष आणि निकाल ही तिन्ही कामे आठवडेच्या आठवडे आपल्याच दालनात उरकली. पार्श्वसंगीत गुन्हेकथेचे, ‘विश्रांतीनंतर पाहा’ ही उत्कंठाही तिचीच. समाधी राहिली, विकल्प गेला. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ च्या निकालात अशा माध्यम-खटल्यांस न्यायदानातील अडथळा ठरविले. मालिकेत दयाने दार फोडिले तर कोणाचे घर मोडत नाही, येथे मोडते.

वाहिन्यांच्या मोजणीचे यंत्र कोणत्या घरी कोण कोणती वाहिनी पाहत होते एवढेच सांगते. अभ्यासकाने ओटीवर बसून दोन्ही कार्यक्रम पाहावेत, ‘ह्यां सगळां खोटां आसा’ हे वाक्य कोठे ऐकू आले ते टिपावे, आणि ज्या अर्ध्या तासात ते कोणीच उच्चारले नाही, तेथून आपला प्रबंध सुरू करावा.